नाल्याच्या वरच्या अंगाला

झिरेगाव
दि. ६ एप्रिल २०२३

चि. बंधू किसन यास गोजरबाईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला काही ऐकू येत नाही आणि तू उगाच घसा ताणतोस, म्हणून हे पत्र. आपल्या टेकडीवरून निघालेला नाला माझ्या परसामागून जातो, पण यंदा त्याची करंगळीएवढी धार उरली आहे. दुपारी घरातले झोपले की मी त्यात पाय सोडून बसते. कानांना नाही तरी तळव्यांना पाणी कळतं. डोळे मिटले की मी लहान असते, बाबा टेकडीवरून हाक मारत असतात आणि ती मला स्वच्छ ऐकू येते. मग तासभर उठावंसं वाटत नाही.

दयाराम म्हणतो की मायले टँकरमांगं पळवता येत नाही, नाला आटला की बुलढाण्याले बिऱ्हाड करू. मुलगा गुणाचा आहे, पण तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? मला हे घर सोडवत नाही रे. तुझ्या सूनबाईसाठी, मयुरीसाठी शेवया पाठवल्या आहेत, तू एकटाच फस्त करू नकोस.

तुझी,
गोजरबाई

देऊळघाट
दि. २ मे २०२३

ती. गोजरबाईस किसनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आल्यापासून जिवाला चैन नव्हती. टेकडीवर जाऊन बसलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. कमरेएवढं गवत, सीताफळी, बोरी, सगळं रान वरच माजलेलं! पडेल तो पाऊस तेच पिऊन टाकणार, तुझ्यापर्यंत काय पोचणार? म्हणून जेसीबी लावून सारा उतार साफ केला. वर उताराला उभी नांगरट केली, म्हणजे पाणी कुठे न थांबता थेट तुझ्या परसात.

शेजारचे रज्जाकभाई शेळ्या घेऊन आले होते. त्यांनी विचारलं की किसनराव, उभी काऊन नांगरून राह्यले? मी सांगितलं की बहिणीले पाणी धाडून राह्यलो. ते मान हलवत निघून गेले. बाई, आता बुलढाण्याचं नाव काढू नकोस. शेवया मयुरीला मिळाल्या, थोड्या.

तुझा,
किसन

झिरेगाव
दि. १९ जुलै २०२३

चि. किसन यास अनेक आशीर्वाद.

नाला तुळशीपर्यंत आला! दयाराम म्हणतो की मामानं कमाल केली. गढूळ पाण्यातून आपल्या टेकडीची माती आली आहे. मूठभर उचलून हुंगली तर तिला रोशा गवताचा वास होता, आणि सकाळभर मी माहेरीच होते.

पाणी पाय मात्र टेकू देत नाही, ढकलतं. सकाळी धो धो येतं, दुपारपर्यंत ओसरून जातं. असो, इतकं पाणी पाहिल्यावर तक्रार कसली करायची? तू पावसात टेकडीवर हिंडू नकोस, लगेच सर्दी होते तुला.

तुझी,
गोजरबाई

झिरेगाव
दि. २४ नोव्हेंबर २०२३

चि. किसन यास अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला तू दोनदा म्हणालास की नाला दाखव, आणि दोन्ही वेळा मी तुला जेवायला वाढलं. नाला दसऱ्यालाच आटला रे. एरवी चैत्रातही करंगळीएवढी धार असायची. पाऊस कमी नव्हता, पण सारा एकदम आला आणि एकदम गेला. मला वाटतं, ते गवत पाणी पीत नव्हतं. ते जमिनीत मुरवून ठेवायचं आणि हिवाळाभर मला घोट घोट धाडायचं.

दयारामने बुलढाण्याला खोली पाहिली आहे, संक्रांतीनंतर जायचं. तुझ्यावर राग नाही. तू माझ्यासाठीच केलंस, ते मला ठाऊक आहे. पण रात्री झोप येत नाही.

तुझी,
गोजरबाई

देऊळघाट
दि. ५ डिसेंबर २०२३

ती. गोजरबाईस शि. सा. न. वि. वि.

टेकडीवर गेलो. माती वाहून गेली, नुसता मुरूम उघडा पडला आहे. बांधाकडेला सीताफळीची एक जाळी तेवढी वाचली. तिच्या बुडाशी हात घातला तर माती अजून ओली! तिथेच आडवा झालो आणि कान जमिनीला लावला. उन्हं उतरेपर्यंत वाटत राहिलं की आत कुठेतरी पाणी सावकाश चाललं आहे.

बाई, आता नांगर नाही. आडवे चर खोदतो. रज्जाकभाई म्हणाले की शेळ्या इकडे फिरकणार नाहीत, आणि गवताचे ठोंबही तेच देऊन राह्यले. पुन्हा रान व्हायला किती पावसाळे लागतील, कोण जाणे. तोवर थांबशील का? तू गाव सोडलंस तर मला टेकडीकडे पाहवणार नाही.

तुझा,
किसन

झिरेगाव
दि. १८ डिसेंबर २०२३

चि. किसन यास अनेक आशीर्वाद.

तोवर थांबशील का, असं म्हाताऱ्या बहिणीला विचारतात होय? इथे बसून पाण्याची वाट पाहण्यापेक्षा मीच वर येते. ठोंब लावायला कंबर वाकणार नाही, पण चुकार शेळी हाकायला काठी उचलता येते.

दयाराम म्हणाला की सत्तरीत माहेरी कोण जाते वं माय? मी सांगितलं की जिच्यासाठी भाऊ सारी टेकडी सोलून बसतो, तिला जावंच लागतं. आधी तो हसला, मग डोळे पुसत बाहेर गेला. घर तो विकणार नाही, तसा शब्द घेतला आहे.

संक्रांतीच्या आधी येते. मयुरीला ओसरीवर खाट टाकायला सांग. लोभ आहेच, तो मुरू दे. गवत उगवलेलं मी पाहीन, आणि नाल्याला आलेलं पाणी दयारामची पोरं पाहतील.

तुझी,
गोजरबाई