हातावर म्हणून सांगितलेलं गोंदण

प्रताप नगर, नागपूर
४ नोव्हेंबर २०२४

ती. चंद्रकला मावशीस रुचिकाचा सा. न. वि. वि.

तुला कमी ऐकू येते आणि ही गोष्ट फोनवर ओरडून सांगायची नाही, म्हणून पत्र. गेल्या वर्षी कॅन्सरपायी डावा स्तन काढला, पोटाचं मांस घेऊन डॉक्टरांनी नवा घडवला, हे तुला माहीतच आहे. पण तिथं बोंडाच्या जागी नुसती कोरी कातडी आहे. आंघोळीला मी अजून डोळे मिटून पाणी घेते. भैरवी नावाच्या बाई त्या जागी रंगानं गोंदून अगदी खरं वाटेल असं करतात. डॉक्टरांनीच उपचाराचा भाग म्हणून चिठ्ठी दिली आणि मी विमा कंपनीकडे अर्ज केला.

कंपनीतून फोन आला, कुठं गोंदायचं विचारलं. समोर सोफ्यावर मामाजी पेपर वाचत बसलेले. सासऱ्यासमोर तो शब्द तोंडातून निघेना वं मावशी! मी म्हटलं, हातावर. हातावरचं गोंदण हौशीचं, असं लिहून अर्ज फेटाळला. माझं बोलणं रेकॉर्ड झालेलं आहे. आमचे हे म्हणतात, सोड ना, कोणाला दिसणार आहे! तेव्हापासून मी त्यांच्याशी धड बोलली नाही. काय करू ते कळव. तुझी माया असू दे.

तुझी,
रुचिका

कुही
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रुचिकास मावशीचे अ. उ. आ.

तुह्यं पत्र वाचलं. पहिले राग आला, मंग रडू आलं. हातावर काहून म्हटलं वं? अर्धी दुनिया हातावर गोंदते, कंपनी हसली असन. अन् हेमराज जवाईबापूले सांग, मावशीनं विचारलं, कोणाले दिसणार म्हणजे काय? माह्या पोरीले दिसते ना रोज! आपल्या घरी हातमाग होते तवा काठ झाल्याबिगर लुगडं कोणी उतरवत नव्हतं, अन् हे तं तुह्यं आंग आहे.

तुह्या सासऱ्याचा, बाबारावचा धाक मले माहीत आहे. माणूस साधा, पण त्यायच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकला तं आपणच लाजेनं मरतो. तरी कंपनीले पुन्हा फोन कर. न्हाणीघरात लपून कुजबुजू नको, खरं काय ते सरळ सांग. माह्या पोराच्या, दुर्गेशच्या हातून नवे तांदूळ पाठवून राहिली. जेवत जाय, वाळून नको जाऊ. माहा जीव तुह्यापाशीच लागला आहे.

तुही,
मावशी

प्रताप नगर, नागपूर
६ जानेवारी २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तांदूळ मिळाले. फोन केला. मामाजी तिथंच होते. तरी मी म्हटलं, डाव्या स्तनावर, कॅन्सरनं गेलेल्या. मामाजी उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, घर फुटलं आता.

कंपनीनं सांगितलं, आधी वेगळं का बोलल्या ते लिहून द्या, ज्यांच्या नावानं पॉलिसी आहे त्यांची सही हवी. पॉलिसी मामाजींची. कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात पळाली. सकाळी त्यांनी सहीसोबत आपल्या हातानं लिहिलेलं दिलं. माझी सून खोटी नाही, मी समोर बसलो होतो म्हणून तिनं मर्यादा राखली, चूक तिची नाही, माझ्या बसण्याची आहे. मी वाचून ढसाढसा रडली, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. ह्यांनीही वाचलं. स्वतः सदर भागातल्या कंपनीच्या ऑफिसात देऊन आले.

तरी कंपनीनं नाहीच म्हटलं. दोन जबाब जुळत नाहीत म्हणे! आता विमा लोकपालांकडे तक्रार दिली आहे. तिथं अनोळखी माणसांसमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल. आशीर्वाद दे, मावशी, त्याची फार गरज आहे.

मामाजी म्हणतात, मीही येतो, पण दाराबाहेर बसीन, तुले मोकळं बोलता येईल. मी म्हटलं, नाही मामाजी, आत बसा.

तुझी,
रुचिका