'ॲनिमे'चा 'ॲनिमिया' केल्याबाबत

प्रति,
मा. परवानगी अधिकारी,
तालुका बहुउद्देशीय भवन,
जि. धाराशिव

अर्जदार: कु. शिवरंजनी महांतेश कलशेट्टी, रा. जळकोट, ता. तुळजापूर

विषय: माझ्या अंगात रक्त असल्याचे लेखी व तोंडी कबूल करण्याबाबत.

संदर्भ: १) सभागृह मिळण्यासाठीचा माझा अर्ज.
२) त्यातील घोळ कळविणारा माझा दुसरा अर्ज.
३) दुसऱ्या अर्जाचे उत्तर म्हणून आपल्या कार्यालयाने पाठविलेल्या लोहाच्या गोळ्या.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविते की, विनय आता संपत आला आहे. तरी उरलेला गोळा करून लिहिते.

१. मी व माझे मित्रमैत्रिणी ॲनिमेचे चाहते आहोत. ॲनिमे म्हणजे जपानी धर्तीच्या चित्रमालिका. मोठमोठ्या डोळ्यांची माणसं, उडणारे केस, आणि रडायला लावणाऱ्या गोष्टी. जळकोट, बेंबळी, तेर अशा गावांत आमच्यासारखी कितीतरी पोरं आहेत, पण सगळी आपापल्या घरात एकटी मोबाईलला चिकटलेली. त्यांनी एकदा तरी एकमेकांची तोंडं बघावीत म्हणून आम्ही मे महिन्यातला एक शनिवार-रविवार ठरवला. पुण्याला, हैदराबादला असे मेळावे होतात, पण तिकडं आम्हाला घरून कोण सोडतंय. म्हणून आपल्या भवनासाठी अर्ज केला: 'ॲनिमे चाहत्यांचा दोन दिवसांचा मेळावा व कॉस्प्ले स्पर्धा'. कॉस्प्ले म्हणजे एखाद्या पात्राचा वेश करून मंचावर येणे. हे मी अर्जात लिहायला हवं होतं, एवढी चूक माझी धरा. बाकीची आपली आहे.

२. आपले लिपिक श्री. शरणप्पा यांनी अर्ज वाचण्याऐवजी तपासला. 'ॲनिमे' हा शब्द अर्धवट राहिला असे समजून त्यांनी लाल पेनाने 'ॲनिमिया' केला. ॲनिमियाचा चाहता कोणी नसतो हे त्यांच्या ध्यानात आले, म्हणून 'चाहत्यांचा' खोडून 'रुग्णांचा' केले. इथवर आले होते तर थांबून विचारायचं की एकदा. नाही थांबले. 'कॉस्प्ले स्पर्धा' हेही खोडून 'कॅप्सूल वाटप' केले. आपण त्यावर सही केली आणि एक प्रत आरोग्य पथकाला गेली. आम्हाला नुसता फोन आला की परवानगी झाली, या.

३. शनिवारी आम्ही एसटीतून पोत्यांत कपडे, पुठ्ठ्याच्या तलवारी आणि बेंबळीच्या कृष्णराजचे पंख घेऊन उतरलो. कंडक्टरने पंखांना सीट दिली होती. तेवढी माणुसकी आपल्या भवनात मिळाली नाही. फाटकावर 'ॲनिमिया रुग्णांचे हार्दिक स्वागत' असा फलक होता. आत टेबलं, सुया, शेंगदाणा-गुळाची पाकिटं. मी शरणप्पांना मूळ शब्द दाखवला तर मला म्हणाले, "पोरी, शिकलेली दिसतीस, पण तुझं शुद्धलेखन लई कच्चं हाय. आमी नीट केलं म्हणून परवानगी मिळाली." मग आपल्याकडे आले. आपण दीपप्रज्वलनाच्या घाईत होता. आपण म्हणालात, "परवानगी ज्या नावानं, कार्यक्रम त्याच नावानं." लांबलांबून आलेली पोरं उन्हात उभी होती. काय करणार? आम्ही मान्य केलं.

४. त्यापुढे जे झालं ते लिहिताना अक्षर बिघडतं, पण रागानं. अशक्तपणामुळे बिघडलं अशी त्याची कुठे नोंद करू नये. मंचावर जायचं तर आधी रक्त तपासून घ्या, असा नियम निघाला. कृष्णराजने महिनाभर खपून पुठ्ठ्याचं चिलखत केलं होतं, त्याला चंदेरी रंग दिला होता. तो मंचावर आला तर माइकवरून सांगितलं गेलं, "आता येत आहे लोह." तेरच्या हर्षालीने हिरवे केस लावले होते, तिला 'पालकाची भाजी' म्हणून बसवलं. आरोग्य पथकाच्या सिस्टरबाईंनी चिलखतात कृष्णराजचं बोट शोधून शोधून नाद सोडला. पोरांनी हे सगळं हसून घेतलं, कारण पोरं चांगली आहेत. मलाही शनिवारी हसू आलं होतं. रविवारी आलं नाही.

५. रविवारचं कारण नीट ऐका, सगळा अर्ज त्यासाठीच आहे. मला पुण्याला ॲनिमेशन शिकायचं आहे. प्रवेश परीक्षा पास झाले, यादीत नाव आलं. माझे वडील महांतेश कलशेट्टी (घरात आम्ही अप्पा म्हणतो) यांचं गावात भुसारचं दुकान आहे. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले होते, "म्या एकदा डोळ्यानं बघतो तू काय करतीस ते, मग पुण्याचं बोलू." आजवर कुठल्याच गोष्टीसाठी त्यांनी दुकान बंद ठेवलं नव्हतं. त्या रविवारी ठेवलं. मी त्यांच्यासाठीच एक चित्रकथा काढली होती. तिचा नायक कपाळाला विभूती लावलेला भुसारवाला आहे, तो ज्वारीची पोती खांद्यावर टाकून टोळधाडीशी लढतो. ती मी मंचावरून दाखवणार होते. आणि त्याच कथेतल्या राखराणीचा वेश मी केला होता.

६. राखराणीचं तोंड पांढरंफटक असतं. आईच्या देवघरातली विभूती पाण्यात कालवून मी तोंडाला, ओठांना, पापण्यांना लावली होती. आपल्या पथकाच्या तपासणीच्या पट्ट्या तोवर संपल्या होत्या, तेव्हा चेहरा बघून नोंदी चालू होत्या. माझा चेहरा बघून सिस्टरबाई दचकल्या. 'तीव्र' लिहिलं आणि मला कॉटवर आडवं केलं. मी विभूती आहे, विभूती आहे म्हणून ओरडले तर "बडबडायला लागली, पाणी द्या" असं झालं. नंतर मला दोघींनी धरून मंचावर नेलं. आपण माझं नाव माइकवर पुकारलं, 'तालुक्यातील सर्वांत गंभीर रुग्ण' असं म्हणालात, हातात गुळाचं पाकीट दिलं आणि फोटोसाठी थांबवलं. माझे वडील त्याच वेळी दारात येऊन उभे राहिले होते. चित्रकथा माझ्या पिशवीतच राहिली.

७. वडील मला घेऊन घरी आले. आईला एवढंच म्हणाले, "अंगात रक्त न्हाय आन पुण्याला निघालीया." त्या दिवसापासून पुण्याचं नाव बंद. मी तोंड धुऊन दाखवलं. तुळजापूरला लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं, हिमोग्लोबिन बारा पॉइंट आठ आलं, तो कागद दाखवला. वडील म्हणतात, "ते प्रायव्हेट हाय. सरकार खोटं कशाला सांगंल?" महोदय, या जिल्ह्यात सरकारवर एवढा विश्वास ठेवणारा माणूस आपल्याला दुसरा सापडायचा नाही, आणि त्यालाच आपण फसवलंत. सकाळी बीट, दुपारी खजूर, संध्याकाळी पुन्हा बीट. शेजारच्या दगडाबाई डाळिंब घेऊन येतात आणि माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावतात. मला एकटीनं नळावर जायची बंदी आहे.

८. दुसऱ्या अर्जात मी हे सर्व लिहिले होते. त्यावर आपल्या कार्यालयाने 'आपल्या ॲनिमियाच्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे' असे कळवून गोळ्या पाठविल्या. त्या गोळ्या पोस्टमनने वडिलांच्या हातात दिल्या. आता ते रोज समोर बसून गिळायला लावतात. हा अर्ज रक्तानं लिहावा असं मनात आलं होतं. पण माझं रक्त आपल्याकडं धरतच नाहीत, म्हणून बॉलपेननं लिहिला.

९. प्रवेशाची मुदत येत्या शुक्रवारी संपते. तरी माझी नोंद रद्द करावी व तसे गोल शिक्क्यासह लेखी द्यावे. शरणप्पांनी या अर्जाला लाल पेन लावू नये. आणि एक विनंती आहे, ती नियमात बसते का ते बघू नये. मला घराबाहेर सोडत नसल्यामुळे हा अर्ज घेऊन माझे वडीलच आपल्यासमोर येतील. गोळ्या वाढवून मागायचा अर्ज आहे, असं मी त्यांना सांगितलं आहे. ते उभेच राहतील, त्यांना बसायला सांगा. ते सरकारचं ऐकतात. आपण तोंडानं सांगा की चूक कार्यालयाची आहे, पोरीच्या अंगात रक्त आहे, आणि ते भरपूर आहे.

१०. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. एसटीत त्यांना वाचायला वेळ मिळेल.

नाइलाजाने आपली,
शिवरंजनी महांतेश कलशेट्टी
जळकोट, सोमवार, दि. १६ जून २०२५

सोबत:
१) लॅबचा अहवाल.
२) मूळ अर्जाची प्रत, लाल दुरुस्त्यांसह.
३) न गिळलेल्या गोळ्या. (गालात धरल्या होत्या, अप्पा. माफ करा.)
४) भुसारवाल्याची चित्रकथा. ही कार्यालयाने ठेवून घेऊ नये. घेऊन येणाऱ्यांची आहे.