ठसा घेताना अर्जदार जागी होती

प्रति,
मा. तपास अधिकारी,
वृद्ध व अवलंबित व्यक्ती संरक्षण कक्ष

विषय : जबाबातील चूक दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : आपण अर्जदाराच्या खाटेशी बसून घेतलेला जबाब.

महोदय,

१. अर्जदार ही गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातील निवृत्त शिलाई कामगार असून पक्षाघाताने तिचे उजवे अंग निकामी झाले आहे. जीभ तेवढी शाबूत आहे. सबब ती सांगत असून शेजारच्या शिक्षिकाबाई लिहीत आहेत. बाई मधेच डोळे पुसतात, तरी अक्षरास नावे ठेवू नयेत.

२. अर्जदाराचा एकुलता मुलगा, धंद्याने वायरमन, याने आई झोपेत असताना तिचा अंगठा घरी आणलेल्या बँकेच्या यंत्रावर टेकवून दरमहा पेन्शन काढली व शेवटी ठेवही मोडली, असे जबाबात नमूद आहे. पैसे नेले हे खरे. औषधे बंद केली, सांभाळणाऱ्या बाईला काढून टाकले, दुपारचे जेवण द्यायला विसरू लागला, हेही खरे. अशा माणसाला नव्या कलमाखाली तुरुंगवास होतो, हे आपण समजावून सांगितलेत. अर्जदार त्याच्यासाठी दयेची भीक मागत नाही. पोटचा पोर असला म्हणून भूक कमी लागत नाही.

३. चूक एवढीच, की अर्जदार झोपलेली नव्हती. पहिल्या वेळी पोराशी नजरानजर झाली असती तर तो मेल्याहून मेल्यासारखा झाला असता, म्हणून तिने डोळे मिटून घेतले. पुढे मात्र ती स्वतःसाठी डोळे मिटू लागली, हे सांगायची तिला लाज वाटते. बँकेत उजवाच अंगठा नोंदलेला आहे आणि त्या हाताची मूठ वळून बसली आहे. हात हलत नाही, पण त्याला स्पर्श कळतो. मुलगा कोमट पाणी घेऊन उशाशी बसायचा, एकेक बोट हळूच उलगडायचा, बेचक्यातला मळ पुसायचा, फुंकर घालून अंगठा वाळवायचा. एरवी महिनाभर त्या हाताला कुणी शिवत नसे. अर्जदार पेन्शनच्या तारखेची वाट पाहू लागली. ठेव मोडायला आला तेव्हा तर काम झाल्यावरही तो हात धरून बसून राहिला. रडत होता की काय, कोण जाणे. डोळे उघडायचा तिला धीर झाला नाही.

४. सरकारी वकीलसाहेब म्हणतात, हे लिहून दिले तर आईची संमती होती असे ठरेल आणि खटला ढिला पडेल. तसे होऊ देऊ नये. संमती नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या गप्प बसण्याला कुणी संमती म्हणत असेल, तर त्याने चार दिवस या खाटेवर पडून पाहावे.

तरी विनंती की, जबाबात 'जागी होती' अशी दुरुस्ती करावी व तो कागद मुलाला वाचून दाखवावा. तुरुंगवास किती, ते न्यायालय ठरवील. आई दरवेळी जागी होती, एवढे त्याला कळले पाहिजे. ही शिक्षा कोणत्या कलमात बसते ते अर्जदारास ठाऊक नाही, पण ती आईने दिलेली आहे असे समजावे. मात्र ते ऐकताना त्याच्याजवळ कुणीतरी बसावे. त्याला एकटे ठेवू नये.

आपली नम्र,
वायरमनची आई
(डाव्या अंगठ्याचा ठसा)

दिनांक : आज, सोमवार
सोबत : डॉक्टरांचा दाखला