पान सत्तेचाळीसबाबत

तुळजापूर,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

प्रिय चन्नम्मा,

काल, रविवार दिनांक अठरा, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या दारात येऊन उभी राहिलीस. ती वेळ अत्यंत चुकीची होती, हे आधी नोंदवते. (तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढली, तारीख-वेळ टाकल्याशिवाय मला भांडता येत नाही.) आता विचारते, गुडघे कसे आहेत? दोन गल्ल्या चालत आलीस आणि टेकलीही नाहीस, म्हणून विचारते. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र सुनेच्या हाती पाठवते आहे.

आता तुझा गुन्हा सविस्तर. माझा कथासंग्रह, बायकांच्या आपसातल्या नात्यांवरचा, गेल्या सोमवारी कल्याणप्पाच्या छापखान्यातून आला. दोनशे प्रती पलंगाखाली गेल्या आणि आमच्या ह्यांना चपला सापडेनात. दुकानदार प्रती ठेवून घेईना. तेव्हा अस्मितानं सुचवलं (सून हुशार आहे, पण हे तिला सांगू नकोस), की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तकच द्या. वाणाला कुणी नको म्हणत नाही. काल बावीस बायका आल्या. शेजारच्या नागम्मानं पुस्तक हातात तोलून, उघडून बघत विचारलं, "मावशी, गेल्या सालची स्टीलची गाळणी उरली न्हाय का एखादी?" मी गिळलं, कारण निदान तिनं ते उघडलं तरी.

तेवढ्यात तू. पहिली प्रत तुझी, हे मीच कबूल केलेलं. "शामले, माझं पुस्तक दे की," म्हणत तू चप्पल काढायला लागलीस. बसप्पा भावजींना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. कुणीतरी कुंकवाच्या ताटावर पदर ओढला. (कोण, ते विचारू नकोस. ताट माझ्याच मांडीवर होतं.) आणि मी म्हणाले, "चन्ने, उद्या ये गं." तू "व्हय, व्हय," म्हणालीस आणि एक चप्पल निघाली होती ती परत पायात घातलीस.

मला राग आला तो तुझाच. बायका यायच्या आधी, चार वाजता का नाही आलीस? आणि आलीच होतीस तर भांडायचं होतं. भांडणात मी बरी असते. निमूट गेलीस, आणि आता मी ह्या गल्लीत कुणाशी भांडू?

मग नागम्मानं तिसरी गोष्ट मोठ्यांदा वाचायला घेतली. तीत एक विधवा मैत्रीण हळदीकुंकवाच्या वेळी दारात येते. घरची बाई उठते, तिला हाताला धरून आत आणते आणि सगळ्यांच्या आधी तिला कुंकू लावते. पान सत्तेचाळीस. ते लिहिताना मी रडले होते (स्वतःच्या मोठेपणानं). नागम्मानं बोट पानातच ठेवून विचारलं, "ही मैतरीण म्हंजी आत्ता गेल्या त्याच का?" मी म्हणाले, काल्पनिक आहे. "अन् ती बाई?" त्यावर अस्मिता तिळगूळ वाटता वाटता म्हणाली, "ती तर अगदीच काल्पनिक आहे." सगळ्या हसल्या. चन्नम्मा, मीही हसले.

कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, चूक कबूल करायची असेल तर पहिल्या वाक्यात करा. हे पत्र बघ, कुठवर आलं. माझं चुकलं.

तुझी,
शामला

ता. क. वेळ तुझीच चुकली, हे माझं म्हणणं कायम आहे.

ता. क. दोन. खरं काम हे. उरलेल्या एकशे अठ्ठ्याहत्तर प्रतींत, तुझी धरून, कल्याणप्पा शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवून देणार आहे: "पान ४७, ओळ बारा. असं घडलं नाही." पुढं काय घडलं, ते मी चारदा लिहून पाहिलं. चारही वेळा मी तुझ्यामागं गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेले. मी उंबऱ्यापर्यंतही गेले नव्हते. तेव्हा चिठ्ठीतलं ते तू लिही. चार ओळी, तुझ्या बोलीत. तुझं नाव नको असेल तर नको, माझं मात्र पूर्ण घाल, आणि मला सांभाळून घेऊ नकोस; ते मी एकशे अठ्ठावीस पानं केलंय. लेखी उत्तर शनिवार, दिनांक चोवीस, संध्याकाळी पाचच्या आत मिळावं. तोंडी निरोप चालणार नाही.