जयनगरची होळिगे आणि शंभूचा पहिला पॉइंट

ती. सौ. सकवारअक्कांस,

जयनगरहून धाकट्या नागोजीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. भाओजींना पुण्याची थंडी सोसते ना? इकडे आम्ही सर्व खुशाल, म्हणजे मी खुशाल. तुमच्या भावजयीचं, अहल्येचं, आणि शंभूराजचं पुढे सांगतो.

पत्रास कारण की, तुमचा भाचा शंभू जगाच्या यादीत लागला. टेनिसचा ज्युनिअर राष्ट्रीय विजेता तो होताच (ती ढाल मी टीव्हीच्या पुढ्यात ठेवली आहे, त्यामुळे बातम्या अर्ध्याच दिसतात). पण आता मोठ्यांच्या व्यावसायिक स्पर्धेत पहिला सामना जिंकून त्याने पहिला पॉइंट मिळवला आणि जागतिक क्रमवारीत नाव आलं. बरंच खाली आहे, शोधताना बोट दुखतं, पण आहे. मी ते बँकेत, देवळात आणि एका अनोळखी रिक्षावाल्यालाही दाखवलं.

आता अहल्येचं. ज्युनिअरच्या दिवसांत बाहेरगावची मुलं आपल्याकडेच उतरायची, तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्यांत ही पद्धत नाही, जो तो आपापल्या हॉटेलात राहतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणून शंभूचा जुना मित्र, नागपूरचा मल्हार, याला नेहमीसारखं घरी आणलं. संध्याकाळी ड्रॉ लागला (म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते), तर शंभूची पहिली गाठ मल्हारशीच. पण आलेल्या पाहुण्याला जा कसं म्हणायचं? शिवाय अहल्येने पुरण शिजवून ठेवलेलं. शंभूला प्रशिक्षकांच्या हुकमाने दहीभात. मल्हारला मात्र ती ‘इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प’ (कानडीत ‘अजून थोडं’) करत होळिगे (तुमच्या पुण्यात पुरणपोळी) आणि तूप वाढत राहिली, आणि त्या गुणी मुलाला नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या सेटमध्ये मल्हार जरा जडच होता. मग सावरला, दुसरा सेट घेतला. तिसऱ्यात शंभूने असा काही बॅकहँड मारला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अक्का, लिहायला लाज कसली. जिंकला पोरगा. तेवढ्यात मल्हारचे प्रशिक्षक हसत म्हणाले, की हा सामना कालच जयनगरच्या स्वयंपाकघरात संपला होता. माणूस गमतीने बोलला, पण तेव्हापासून अहल्येने पुरणयंत्र माळ्यावर टाकलंय, आणि पॉइंटचं नाव काढलं की शंभू ताटावरून उठतो. मी दोघांनाही तो बॅकहँड हातवारे करून समजावतो. कुणी बघत नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा
नागोजी

ता. क. – पुढच्या आठवड्यात स्पर्धा पुण्यात आहे. शंभू आणि मल्हार दोघेही तुमच्याकडे उतरतील, असं मी परस्पर सांगून टाकलं आहे. दोघांना नुसता वरणभात घालावा, म्हणजे कुणी बोलायला नको.

ता. क. २ – आत्या, हे मी, शंभू, लिहितोय. अप्पांचं ऐकू नकोस. पुरणपोळी कर, तूपही घाल, आणि मल्हारला वाढशील तितकीच मला वाढ. मल्हार कबूल आहे. पुन्हा आमचीच गाठ पडली, तर दोघेही तेच खाऊन कोर्टवर उतरू. मग मी जिंको नाहीतर हरो, आईच्या होळिगेला कुणी बोल लावणार नाही.