ओवाळलेला उजेड

१८ फेब्रुवारी २०२५, फेअरबँक्स
पोचलो एकदाचे! सनीव्हेलच्या खुराड्यासारख्या फ्लॅटमधून थेट अलास्कात, झाडांमधल्या लाकडी घरात. बाहेर उणे तीस, आत मस्त ऊब. माझ्या नवऱ्याला, देवांगला, इथे ऑरोराची, म्हणजे उत्तरेकडे रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडाची, उंची मोजायची नोकरी मिळालीय. दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी एकाच उजेडाचा फोटो घ्यायचा आणि तो किती वर आहे ते काढायचं. आमची आठ वर्षांची लेक आन्या बर्फात लोळून आली. आल्याआल्या कांदेपोहे केले, घर आपलं वाटायला लागलं.

२० फेब्रुवारी
काल दिसला! हिरवा पडदा, खाली गुलाबी किनार. देवांगचं लेक्चर सुरू: सूर्याकडून आलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर आदळले की हिरवं, नायट्रोजनवर आदळले की गुलाबी, शंभर किलोमीटरच्या खाली सहसा येत नाही. यार, बघू दे ना आधी! व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी हात जोडले. साक्षात तेज दारी आलंय, ओवाळ म्हणाल्या. मीही हौशी. पोर्चवर निरांजन घेऊन ओवाळलं आणि पाहुण्यांना म्हणतो तसं म्हणून गेले, पुन्हा या, आता घरीच या.
शेजारची म्हातारी मार्था कुंपणाशी उभी होती. मी काय म्हणाले ते सांगितल्यावर पांढरीफटक पडली. याला बघावं, पण बोलावू नये, असं तिची आई सांगायची म्हणे. म्हटलं, बाई, आमच्यात दारातून कुणाला तसंच पाठवत नाहीत.

२४ फेब्रुवारी
देवांगचे आकडे बिघडलेत. आधी नव्वद किलोमीटर, काल साठ. कॅमेरा चुकतोय म्हणे. मग दुरुस्त कर, माझ्यावर काय खेकसतोस? आन्या खिडकीशी बसून उजेडाशी गप्पा मारते. विचारलं तर म्हणाली, "दे आर कमिंग, आई. यू इन्व्हायटेड देम."

२७ फेब्रुवारी
ढगांच्या खाली आलाय! आणि हा शहाणा अजून कॅमेरेच तपासतोय. निघूया म्हटलं तर म्हणे डेटा. डोंबल तुझा डेटा! पोरगी दोन घास खात नाहीये. तिची नखं हिरवट दिसतात.

१ मार्च
झाडांच्या शेंड्यांवर. सळसळतो.
सासूबाईंना विचारलं, याला परत कसं पाठवू? म्हणाल्या, ओवाळून बोलावलेल्याला हाकलत नाहीत. मग या तुम्हीच त्याला वाढायला! फोन आपटला. बाहेर जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडले, चालता हो मेल्या, माझ्या दारातून —
तो थांबला. ऐकत होता. मग आणखी खाली वाकला.

२ मार्च
गाडी सुरू होत नाही. मार्था दार उघडत नाही. देवांग उंची शून्य म्हणाला आणि रडायला लागला. आता रडतोस? आता?
दाराच्या फटीतून हिरवं —
आन्याला पांघरुणात गच्च धरलंय. एका हातानं लिहितेय. मी बोलावलं ना तुला? मग मला ने. माझ्या लेकीला हात लावशील तर —

गेला. फटीत काळोख. गेला रे देवांग, गेला —
पांघरूण हलकं का लागतंय — आतून हिरवं — आन्या, ए आन्या, ओ दे ना गं —