केसभर चढा

ता. ८ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’ याच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. माझ्या पहिल्या सिनेमाचं संकलन झालं आहे. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस लोकांच्या घरात सहज शिरतो आणि खून करतो, एवढीच गोष्ट. खुनी कोण, हे सुरुवातीलाच कळतं. तो कधी कुठल्या मजल्यावर उतरेल, हे मात्र कळत नाही.

याला मला ऐंशीच्या दशकातलं, सिंथेसायझरचं संगीत हवं आहे, आणि ते तुमच्या हातचं हवं आहे. निर्माते नाक मुरडतात. त्यांच्या मते ते सूर ऐकले की लोकांना जुन्या पार्ट्या आठवतात आणि माणसं ऐन खुनाच्या वेळी हसतात. त्यांना व्हायोलिनचा ताफा हवा आहे. तुमचं वाजवणं ऐकून ठरवू, इथवर त्यांना आणलं आहे.

दुसरी अडचण घरातली. बाबांनी सांगून टाकलं, की ते यंत्र जिथे वाजेल तिथे ते बसणार नाहीत. त्या यंत्रामुळे स्टुडिओतली व्हायोलिनवाल्यांची अख्खी ओळ, बाबांसकट, घरी बसली, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण माझा पहिला सिनेमा बाबांनी बघितला नाही, तर मला फार वाईट वाटेल. आडवळणं न घेता सांगायचं तर मला तुम्ही दोघंही हवे आहात.

तब्येत सांभाळा. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त नकार देऊ नका.
तुमची,
खारूताई

ता. १९ जानेवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझ्या निर्मात्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तुझ्या सिनेमात माणसं आजचे फोन वापरतात, मग संगीताने जुना कोट घालून का मिरवायचं? हल्ली जो तो ते सूर नुसत्या हौसेने लावतो. तुलाही हौसच असेल तर दुसरा कुणी बघ. मी फॅशनसाठी बोटं झिजवणार नाही.

तरी तू पाठवलेले प्रसंग पाहिले. तो लिफ्टवाला पियानोच्या शिक्षिकेच्या घरी शिरतो, ती पाठमोरी वाजवत असते, आणि तो आधी पायपुसण्यावर बूट नीट पुसतो. हे मला आवडलं. इथे व्हायोलिन लावलीस तर ती आधीच रडू लागेल आणि बघणाऱ्यालाही रडायला सांगेल. माझं यंत्र कुणाला काही सांगत नाही. ते नुसतं येऊन उभं राहतं. अशा माणसाला ते शोभेल, असं वाटतं.

तेव्हा करून बघतो. यंत्र म्हातारं झालं आहे, थंड असताना बेसूर बोलतं. ते सुरू करून मी आंघोळीला जातो, कपडे वाळत घालतो, तोवर ते तापतं. मग कानाने सूर लावून बसतो. ही माझी पद्धत तेव्हाचीच आहे.

दादाचं म्हणशील तर त्यात मी पडत नाही. तो रागावला त्यात त्याचं चुकलं नाही, आणि मी वाजवलं त्यात माझंही चुकलं असं मला वाटत नाही. कुणाच्या घरी कार्य असलं की भेटतो, हवापाण्यावर बोलतो आणि आपापल्या खुर्चीकडे जातो. मला त्याची सवय झाली आहे. आवडत मात्र नाही.

खात-पीत जा. माया आहे तशीच आहे.
तुझा काका

ता. २ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली आहे, पण तिला शेपूट आहे. तुमचं संगीत लावून चार परक्या माणसांना सिनेमा दाखवला. खुनाच्या वेळी कुणीही हसलं नाही. एक बाई तर बूट पुसण्यालाच दचकली. निर्मात्यांनी कप तोंडाशी नेला होता, तो प्रसंग संपेपर्यंत तिथेच राहिला. व्हायोलिनचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

आता शेपूट. आवाजांचं मिश्रण करणारे म्हणाले, की पियानोवर तुमचं संगीत येतं तिथे दोन्ही एकमेकांना टोचतात. त्यांनी तपासलं, तर तुमचा सूर केसभर चढा निघाला. एकाच जागी नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच चढा. संगणकावर तो क्षणात खाली येईल, पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी हात लावू देणार नाही.

हे मी घरी जेवताना बोलून गेले. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि केवढा चढा, ते विचारलं. मग उठले, व्हायोलिन काढून आणली, दुसरी तार एकदाच वाजवली आणि मला फोनवर सूर मोजायला लावलं. बरोब्बर तेवढीच चढी! त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवली आणि भात निवतोय म्हणाले. मला यातलं ओ की ठो कळलेलं नाही. तुम्हाला कळत असेल तर कळवा.

उत्तराची वाट बघतेय. माया पातळ करू नका.
तुमची,
खारूताई

ता. ९ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. स्टुडिओतल्या दिवसांचं सांगतो.

तेव्हा सूर मोजायची साधनं आमच्याकडे नव्हती. दादा व्हायोलिनच्या शेवटच्या ओळीत, माझ्या यंत्राच्या डावीकडे बसायचा. यंत्र तापलं की मी त्याच्याकडे बघून भुवई वर करायचो. तो दुसरी तार द्यायचा आणि मी तिला सूर मिळवायचो. एवढ्या सगळ्यांत आपली व्हायोलिन कळावी म्हणून तो ती मुद्दाम केसभर चढी ठेवायचा. त्याबद्दल बोलणीही खायचा, पण ऐकायचा नाही. त्याची ओळ गेल्यावर सूर द्यायला कुणी उरलं नाही. मी आठवणीतल्या तारेवर लावत आलो, आणि इतकी वर्षं अगदी बरोबर लावतोय असं समजत होतो.

चूक ती चूक. सूर खाली आणायला सांग. आणि हे दादाला सांगत बसू नकोस. त्याला ते कळलेलं आहे.

सुखी राहा.
तुझा काका

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पोरीने मला मिश्रणाच्या खोलीत नेऊन बसवलं. सिनेमा पाहिला. तुझं यंत्र थंड आहे, हे माझं मत कायम आहे. पण तो लिफ्टवालाही तसाच आहे, तेव्हा तिथे ते शोभतं. माझ्या वाद्याला त्या माणसाची दया आली असती, आणि सगळा खेळ फुकट गेला असता.

सूर खाली आणायला मिश्रण करणारे बसलेच होते. मी हात लावू दिला नाही. ती शिक्षिका आपल्या घरात आपल्या सुरात वाजवतेय आणि कुणीतरी परका आत आलाय, हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. पोरीलाही पटलं. चढा आहे तो चढाच राहील.

माझी व्हायोलिन तुझ्या कानात असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तू मला तिथून पुसून टाकलंस, असंच मी धरून चाललो होतो. त्या समजुतीवर फार वर्षं घालवली.

पहिल्या खेळाला शेवटच्या ओळीतल्या दोन खुर्च्या राखायला तिला सांगितलं आहे. मी डावीकडे बसेन. दिवे मालवायच्या आधी माझ्याकडे बघून भुवई वर कर.

तुझा,
दादा